इंकटोबर, फराळ आणि लग्नपत्रिकेची कोरी बाजू

मागच्या अंकात मी इंकटोबरबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यातच जाणार आहे, बाकीच्यांनी (तैलरंग वाळत नाहीत वाले काका, तुम्ही पण) महिनाभर थांबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेक पार्कर नावाच्या एका अमेरिकन इलस्ट्रेटरने २००९ साली स्वतःचं शाईचं काम सुधारावं आणि रोज बसायची सवय लागावी म्हणून ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं, ते पसरत पसरत जगभर गेलं. ३१ दिवस, ३१ चित्रं. २०१६ पासून रोजच्या रोज एक शब्द अशी यादीपण मिळते. आधी पेन्सिलने काढलं तरी चालतं, शेवट शाईत व्हायला पाहिजे. बस्स, एवढंच आहे ते. स्पर्धा नाही, नंबर नाही, परीक्षक नाहीत.

प्रश्न : मी ४२ वर्षांची, बँकेत नोकरी, दोन मुलं. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या नादाने इंकटोबर सुरू केलं. पहिले आठ दिवस मस्त गेले, मग पाहुणे, मग मुलाची परीक्षा, मग फराळ. बाराव्या दिवशी चार चित्रं बाकी राहिली होती, ती बघूनच धाकधूक व्हायला लागली आणि वहीच बंद केली. घरात अजून चिडवतात, "काय, झालं का तुझं एकतीस दिवसांचं?" यंदा परत करू का? — एक वाचक, नाशिक

ताई, करा. पण गेल्या वर्षीसारखं करू नका.

एक तर हे लक्षात घ्या की ऑक्टोबर महिना निवडणाऱ्या माणसाला ऑक्टोबरात चकल्या तळायच्या नसतात. आपल्याकडे नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि बऱ्याच वर्षी दिवाळीसुद्धा याच महिन्यात येते, त्यात घराची साफसफाई, त्यात मुलांची सहामाही. म्हणजे वर्षातला सगळ्यात गच्च महिना आणि त्यात आपण म्हणणार रोज एक चित्र. मग ते बुडणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

खरा घोळ कुठे झाला तर त्या "चार बाकी" मध्ये. हे वाण्याचं खातं नाही हो. बुडालेला दिवस बुडाला, तो फेडायचा नाही. तेरा तारखेला तेराव्या दिवसाचं चित्र काढायचं आणि नऊ ते बारा ही पानं कोरी सोडून पुढे जायचं, अगदी जमलं तर कोऱ्या पानावर "पाहुणे" एवढं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी वाचताना हसू येईल. आणि हे मी लाडाने सूट देतोय असं नाही, खुद्द पार्करनेच सांगून ठेवलंय की रोज नको असेल तर दिवसाआड करा, त्याला तो हाफ मॅरेथॉन म्हणतो, तेही जड वाटलं तर आठवड्याला एक. त्याचं म्हणणं एवढंच की जे ठरवाल ते नियमाने करा.

दुसरं म्हणजे आकार. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पहिल्याच दिवशी ए-फोर कागद घेतला आणि राजगड काढायला बसलो, बालेकिल्ला, नेढं, सुवेळा माची, कातळावर रेघांची जाळी, रात्रीचे दोन वाजले. दुसऱ्या दिवशी तेवढंच चांगलं व्हायला हवं म्हणून परत दोन वाजले. चौथ्या दिवशी कागद समोर आला की झोपच यायची, मग संपलंच. पुढच्या वर्षी घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता तो काढला, आतल्या कोऱ्या बाजू पोस्टकार्डाच्या मापात कापल्या आणि ठरवलं की यापेक्षा मोठं काढायचं नाही आणि वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. त्या वर्षी सव्वीस झाली. (गुळगुळीत चकचकीत पत्रिका घेऊ नका, त्यावर शाई नुसती तरंगत राहते आणि बोट लागलं की पुसते. जाडा, खरखरीत, हळदीच्या रंगाचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं.)

वेळेचं म्हणाल तर "रात्री सगळं आवरल्यावर" ही वेळ अस्तित्वातच नसते, तुम्हालाही माहितीये. त्यापेक्षा कुकर लावला की बसा. गॅसवर चढवल्यापासून वाफ जिरून झाकण उघडेपर्यंत सहज वीस-पंचवीस मिनिटं जातात, शिट्ट्या मोजायला कुणीतरी ओट्याशी लागतंच, त्याच वेळात ओट्याच्या कोपऱ्यावर कार्ड ठेवून समोर दिसेल ते काढायचं. काय काढू, हा प्रश्नही मग फार पडत नाही. कुकरच बघा ना, त्याचं हँडल जिथे भांड्याला स्क्रूने बसवलेलं असतं तिथे बारीकशी काळी फट असते, झाकणाच्या कडेला उजेडाची एक पांढरी पट्टी जाते, आणि पोटावर अख्खी खिडकी वाकडी होऊन उमटलेली असते. ती वाकडी खिडकी सोडून बाकीचं थोडं काळं केलं की कुकर स्टीलचा दिसायला लागतो, जादूच वाटते पहिल्यांदा.

आणि सणाचे दिवस आत्ताच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, त्या दिवशी फक्त एकच वस्तू, दोन इंचात. एक पणती. आपट्याचं एक पान. करंजीची कातण्याने कापलेली कड. फराळाच्या दिवशी करंजी काढली आणि खाल्ली, झालं.

चिडवणाऱ्यांना सांगा की आठ झाली होती. चिडवणाऱ्यांची किती झाली?

प्रश्न : इन्स्टावर लोकांकडे पंधरा-पंधरा पेनं असतात. मला नेमकं काय घ्यावं कळत नाही. मी मुलीचं जेल पेन वापरलं, वरून वॉटरकलर लावला तर सगळं निळं-काळं पसरलं, तासाभराची मेहनत वाया. — एक वाचक, डोंबिवली

पंधरा पेनवाल्यांकडे बघू नका, त्यातली बारा सुकलेली असतात, माझीही आहेत.

शाई दोन जातींची असते असं ढोबळपणे धरून चाला. एक पाण्यात विरघळणारी, फाउंटन पेनच्या बहुतेक शाया आणि पुष्कळशी जेल पेनं यात येतात. दुसरी वाळली की पाण्याला दाद न देणारी, तिच्यात बारीक पिगमेंट, म्हणजे पाण्यात न विरघळणारी रंगाची पूड असते. तुम्हाला वरून रंग लावायचाय तर दुसरी हवी. पाकिटावर वॉटरप्रूफ लिहिलंय का ते बघा पण त्यावरही विसंबू नका, रद्दी कागदावर चार रेघा मारा, दहा मिनिटं थांबा आणि ओला ब्रश फिरवा. पसरली नाही तर ते पेन तुमचं. ही चाचणी त्या तासभराच्या आधी करायची असते, नंतर नाही, हे मीही असंच पोळून शिकलोय.

पहिल्या वर्षाला दोन पेनं खूप झाली, एक बारीक, एक जाड. सकुरा कंपनीचं मायक्रॉन पेन मिळतं बऱ्याच ठिकाणी, त्यातलं ०१ आणि ०८ घ्या. (त्या नंबरांची एक गंमत आहे, ०५ म्हटल्यावर वाटतं अर्ध्या मिलिमीटरची रेघ असेल, पण ती असते ०.४५ ची, अर्ध्याची रेघ म्हणजे ०८, आणि ०१ म्हणजे ०.२५.) या पेनांची टोकं नाजूक असतात, दाबून लिहू नका, मेणाच्या खडूवर किंवा ओल्या रंगावर चालवू नका. महाग वाटत असेल तर साधं बॉलपेन घ्या, मनापासून सांगतोय. बॉलपेनच्या शाईला तेलाचा आधार असतो त्यामुळे ती पाण्याला बऱ्यापैकी टिकते, आणि हात हलका-जड केला की रेघ फिकी-गडद होते, हे मायक्रॉनला जमत नाही.

मोठं काळं भरायचं असेल तर बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि एक जुना ब्रश. कॅमलची चालेल, ती मूळची आपली घरचीच कंपनी, १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी सुरू केली ती शाईपासूनच, घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या होत्या तेव्हा. फक्त ही ड्रॉइंग इंक चुकूनही फाउंटन पेनात भरू नका. आत वाळली की पेन कायमचं गेलं समजा. माझ्याकडे वडिलांचं एक तसंच आहे, माझ्याच कृपेने.

कागद म्हणाल तर झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तेवढा कागद जाड) नको, रेघेला केस फुटतात आणि मागे उमटतं. शाळेत ड्रॉइंगला आणायचो तो कार्ट्रिज पेपर, जरा जाड बघून, १५० च्या आसपास. वॉटरकलर भरपूर लावणार असाल तरच ३०० चा.

प्रश्न : मी फर्स्ट इयरला आहे. यादीतले शब्द बघून काहीच सुचत नाही, सगळं परदेशी वाटतं. आपले मराठी शब्द घेतले तर चालतात का? का मग ते इंकटोबर धरत नाहीत? — एक वाचक, कोल्हापूर

अरे कोण धरणारे आणि कोण सोडणारे! चालतात, पळतात. अधिकृत यादी हीपण सक्ती नाहीच.

पण यादी टाकून द्यायच्या आधी एक करून बघ. तू इलेमेंटरी-इंटरमिजिएट दिली असशील तर मेमरी ड्रॉइंगचा पेपर आठव. "आठवडी बाजार" असा विषय यायचा आणि आपण सगळे तेच काढायचो, एक छत्री, एक भाजीवाली, मागे दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य. विषय वाईट नव्हता, आपण पहिलं सुचेल ते काढायचो म्हणून कंटाळवाणं व्हायचं. इथेही तसंच आहे. २०२४ च्या यादीत पहिला शब्द होता बॅकपॅक. सगळ्या जगाने डोंगरावर निघालेला माणूस काढला. माझ्या ओळखीच्या एका मुलीने भावाचं दप्तर काढलं, चेन तुटलेली आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली. त्याच यादीत पुढे बूट होते, तिने दाराबाहेरच्या पावसात भिजलेल्या चपलांचा ढीग काढला, एक पालथी पडलेली. पंचविसावा शब्द होता बुजगावणं, त्यासाठी तर तुला कोल्हापूर सोडून कुठे जायचीही गरज नाही, शाळूच्या रानात फाटका सदरा घालून उभंच असतं, डोक्याला मडकं. तेव्हा शब्द परदेशी असला तरी वस्तू तुझ्या घरातली शोध, आणि पहिली सुचलेली कल्पना सोडून दे, दुसरी पण सोड, तिसरी घे.

तरी नाहीच जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी मित्रमैत्रिणी बसा आणि ३१ चिठ्ठ्या करा. अडकित्ता, एसटीची खिडकी, उंबरठा, आजीची चष्म्याची केस, नाक्यावरचं टपरीचं कुलूप, असल्या. रोज एक उचलायची. चिठ्ठी बदलून मिळणार नाही, एवढा एकच नियम ठेवा, नाहीतर सगळे सोप्याच चिठ्ठ्या उचलतात.

प्रश्न : मी डावखुरी आहे, हात फिरतो तिथे सगळं फासतं. त्यात इथे ऑक्टोबरातही हवा दमट, शाई वाळतच नाही. — एक वाचक, रत्नागिरी

उजवीकडून डावीकडे काढा, म्हणजे हात कोऱ्या भागावर राहील. तळहाताखाली एक जादा कागद ठेवा, तो सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. दमट हवेत वहीचा कागदच ओल धरतो, तेव्हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत जा आणि काळा भरायचा भाग सगळ्यात शेवटी ठेवा. आणि फासलंच तर त्याचा ढग करा.

प्रश्न : वय ६७. सरकारी नोकरीतून रिटायर झालो. चित्रकलेची आवड होती, राहून गेली. आता वेळ आहे तर हात थरथरतो. रेघ सरळ येत नाही, चार दिवस बघितलं आणि पेन ठेवून दिलं. या वयात हे खूळ काढण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, पुणे

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हाताने लिहिलेलं आहे आणि अक्षर थरथरलेलं आहे, आणि सांगू का, त्यातला तो "खूळ" मधला ळ इतका झकास आलाय की मी तो बाजूला उतरवून घेतला.

आधी कामाचं. थरथर नवीन असेल किंवा वाढत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, ते टाळू नका. दाखवलेलं असेल तर पुढचं वाचा.

बारीक टोकाचं पेन तुमचा शत्रू आहे, ते प्रत्येक हेलकावा टिपून घेतं. जाड टोकाचं घ्या किंवा सरळ ब्रश आणि शाई घ्या. मनगट टेकवून बोटांनी काढण्याऐवजी कागद मोठा घेऊन कोपरातून, खांद्यातून हात फिरवा, उभं राहून काढलं तर आणखी चांगलं, मोठ्या स्नायूंना थरथर कमी जाणवते. (वर नाशिकच्या ताईंना मी छोटं काढा म्हणालो, तुम्हाला उलट सांगतोय, औषध माणूस बघूनच द्यावं लागतं.) सकाळी चहा-कॉफीच्या आधी बसून बघा, बऱ्याच जणांची थरथर कॅफिनने वाढते. आणि रेघ ओढताना पेनाच्या टोकाकडे बघू नका, जिथे पोचायचंय तिकडे बघा, सायकल चालवताना कसं चाकाकडे बघत नाही तसं.

पण सगळ्यात आधी विषय बदला. सरळ रेघांच्या बिल्डिंगा कशाला काढताय? वडाच्या पारंब्या काढा, जुन्या वाड्याची पडकी भिंत काढा, कोथिंबिरीची जुडी, म्हातारी माणसं, कुत्री. थरथरती रेघ तिथे इतकी शोभते की सरळ हाताची माणसं मुद्दाम तशी काढायला बघतात आणि त्यांना येत नाही.

आणि नोकरीमुळे राहून गेलं म्हणता, तर व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनियर होते, नोकरी सांभाळूनच त्यांनी तो रेषेचा संसार केला. तुमची तर नोकरी पण संपलीये, आता सबब कोणती सांगणार?

प्रश्न : मी पिंटरेस्टवरून बघून काढते, ती चित्रं मस्त होतात. मनाने काढलेली घाण होतात. बघून काढणं म्हणजे चीटिंग आहे का? आणि मनाने काढलेल्याला सात लाइक आले, त्यातले तीन घरचेच. — एक वाचक, बेंगळुरू

बघून काढणं ही शिकायची जुनी रीत आहे, खुशाल काढ. फक्त दुसऱ्याचं चित्र उतरवून टाकलंस तर ते कुणाचं आहे ते लिही, आणि तू स्वतः काढलं असं भासवू नको, एवढं सांभाळलं की झालं.

पण तुझी "मस्त" का होतात ते सांगतो. त्या फोटोत किंवा चित्रात उजेड कुठून येणार, काय ठेवायचं, काय गाळायचं हे कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं, तू फक्त उतरवतेस. मनाने काढायला बसलीस की ते सगळं पहिल्यांदाच तुझ्यावर पडतं, मग घाण होणार नाही तर काय. मधला रस्ता असा की फोटो पण तूच काढ. टेबलावर डबा, मग, चार्जरची वायर ठेव, एकाच बाजूने दिवा लाव, बाकीचे बंद कर, मोबाइलवर फोटो घे आणि त्यावरून काढ. तीनच छटा वापरायच्या, कागदाचा पांढरा, रेघांची जाळी आणि ठार काळा. डोळे किलकिले करून बघितलं की कुठे कुठली ते आपोआप कळतं.

लाइकचं काय सांगू. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे म्हणून आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली, पुढे तरुणपणी ते रोजची डायरीच चित्रांत लिहायचे. गावातली माणसं, पाद्री, लग्नं, आजचा दिवस कसा गेला ते. त्यातल्या १९४९ ते ५१ च्या डायऱ्या कितीतरी वर्षांनी छापल्या गेल्या. तेव्हा लाइक किती होते, माहिती नाही, घरच्यांचे असतील तेवढेच. तुझे चार तर बाहेरचे आहेत! महिनाभर टाकायचं नसेल तर टाकू नको, वहीतच ठेव, एक नोव्हेंबरला बघ टाकावंसं वाटतंय का.

प्रश्न : मागच्या वर्षी माझी ३१ च्या ३१ पूर्ण झाली!! आता त्या कागदांचं करायचं काय? — एक वाचक, सोलापूर

सगळ्यात आधी, शाब्बास, मला आजवर जमलेलं नाही.

फ्रेम वगैरे नंतर. एका रविवारी दुपारी पंखा बंद करा, (हे महत्त्वाचं, मी विसरलो होतो) आणि सगळी चित्रं जमिनीवर तारखेने मांडा. मग स्टुलावर चढून बघा. कुठली चांगली झालीत ते शोधू नका, तुम्ही काय परत परत काढलंय ते बघा. माझी सव्वीस मांडली तेव्हा त्यात अकरा भांडी निघाली, सहा झाडं, चार चपला, तीन दिवे, एक कुलूप, एक मांजर. माणूस एकही नाही. अख्खा महिना मी माणसांना चुकवत होतो आणि मला पत्ताच नव्हता, चेहरे येत नाहीत ना मला.

म्हणून यंदा फक्त माणसं काढायची ठरवलंय. पहिला नंबर समोरच्या इस्त्रीवाल्याचा आहे, तो डाव्या हाताने पाण्याचा हबका मारतो ते मला पकडायचंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.